तुंबा, धाव आणि वीस इंची चाक : नाशिकच्या फरशीपासून बीएमएक्सपर्यंत

आज ज्याला आपण हब म्हणतो, त्याला मराठीत तुंबा हा जुना शब्द आहे. टायरसाठीचा जुना शब्द धाव. बैलगाडीच्या चाकाचे हे दोन अवयव सुतार आणि लोहार यांच्या बोलण्यात रोज येत. आज एखादा तरुण बीएमएक्स स्ट्रीट सायकलसाठी हब व टायर निवडायला बसतो, तेव्हा त्याच्यासमोर जे तीन प्रश्न असतात, ते त्या कारागिरांपुढेही होते. जमीन कशी आहे? भार किती पडणार? आणि मोडले तर दुरुस्त कोण करणार?

हा धागा त्या तीन प्रश्नांचा इतिहास आहे. त्याची सुरुवात नाशिकमध्ये करण्याचे कारण सोपे आहे. हे गाव चाकांच्या दृष्टीने अवघड आहे.

नवशिख, म्हणजे नऊ शिखरे, यावरून नाशिक हे नाव पडले अशी एक लोकव्युत्पत्ती सांगतात. ती भाषाशास्त्राच्या कसोटीवर टिको वा न टिको, जुन्या गावातून चालणाऱ्याच्या पोटऱ्यांना ती पटते. तिवंधा, डिंगर आळी, म्हसरूळ टेक या भागांतील गल्ल्या उतरत्या आणि अरुंद आहेत. शेवटी सारे उतार गोदावरीकडे जातात आणि पायऱ्यांपाशी संपतात. खाली काळा बेसाल्ट. उन्हाळ्यात कोरडा व खरखरीत, पावसाळ्यात शेवाळलेला व निसरडा.

अशा जमिनीवर चालणाऱ्या गाडीचे चाक प्रामुख्याने बाभळीचे असे. बाभूळ कठीण, चिवट आणि दख्खनच्या पठारावर मुबलक. मध्यभागी तुंबा, त्यात ठोकलेले आरे, आऱ्यांच्या टोकांवर पुठ्ठे जोडून झालेले वर्तुळ आणि त्यावर लोखंडी धाव.

धाव चढवणे हा पाहण्यासारखा सोहळा असे. लोहार लोखंडाचे कडे चाकाच्या परिघापेक्षा किंचित लहान करी. गोवऱ्यांच्या आगीत ते लाल होईपर्यंत तापवले की प्रसरण पावे. मग चिमट्यांनी उचलून ते चाकावर बसवायचे आणि लगेच पाणी ओतायचे. कडे आकसताना सारे चाक आवळून घेई. आरे तुंब्यात रुतत, पुठ्ठ्यांच्या फटी मिटत. एकही खिळा न मारता चाक एकसंध होई.

या चाकाचे गणित लक्षात ठेवण्यासारखे आहे. गाडीचा भार आसावरून तुंब्यावर येतो आणि तुंबा खालच्या आऱ्यावर उभा राहतो. म्हणजे चाक प्रत्येक क्षणी जमिनीकडच्या एक-दोन आऱ्यांवर तोललेले असते. म्हणून आरा जाड हवा, तुंबा मोठा हवा, आणि म्हणून सारे चाक जड. आस व तुंबा यांच्यात घर्षण इतके की वंगणाचे नळकांडे गाडीला लटकलेलेच असे.

नाशिकच्या सार्वजनिक स्मृतीत चाकाचा मान आणखी एका रूपात आहे. चैत्रातील कामदा एकादशीला रामरथ आणि गरुडरथ निघतात. रथाची चाके याच जातीची. मात्र त्या रथाच्या दोराला कोणाचा हात लागावा, हा प्रश्न साधा नव्हता. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिर सत्याग्रह सुरू झाला आणि एप्रिलमध्ये रथोत्सवाच्या दिवशी याच कारणावरून संघर्ष पेटला. वाहनाचा इतिहास लिहिताना वाहन कोण ओढतो आणि कोणाला ओढू दिले जात नाही, हे वगळता येत नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नाशिकला दुसरे चाक आले, रुळावरचे. रेल्वेचे स्थानक गावापासून दूर, नाशिकरोडला. हे अंतर भरून काढण्यासाठी १८८९ मध्ये घोड्यांची ट्राम सुरू झाली. अडीच फुटी रुळांवर चार घोडे दोन डबे ओढत. तिचे सल्लागार अभियंते होते एव्हरार्ड कॅलथ्रॉप, पुढे बार्शी लाइट रेल्वेमुळे प्रसिद्ध झालेले. १९३० च्या दशकाच्या आरंभी ही ट्राम बंद पडली.

ट्रामने जमिनीचा प्रश्न जमीनच बदलून सोडवला. खडबडीत रस्त्यावर गुळगुळीत रूळ टाकले की लोखंडी धाव पुरते. पण रूळ जिथे नाही तिथे ट्राम नाही. गल्लीबोळासाठी, पायवाटेसाठी, एकट्या माणसासाठी निराळे चाक हवे होते.

ते चाक त्या सुमारास युरोपात तयार होत होते. तुंबा आणि धाव हे दोन्ही तिथे नव्याने शोधले जात होते, आणि दोन्हींचा जन्म वेगळा आहे.

आधी तुंबा. १८६९ साली पॅरिस ते रूआँ ही सायकलशर्यत जेम्स मूर याने जिंकली. त्याच्या सायकलच्या हबमध्ये पोलादी गोळ्या होत्या. या बॉल बेअरिंगचे पेटंट त्याच वर्षी ज्यूल सुरिरे या पॅरिसच्या कारागिराने घेतले होते. घासणारा आस आता गोळ्यांवर घरंगळू लागला. मराठी सायकल दुकानांत या गोळ्यांना छर्रे म्हणतात, आणि कप, कोन व छर्रे हे त्रिकूट आजही तेच आहे. नेहमीच्या काळ्या सायकलीत पुढच्या हबचे छर्रे लहान आणि मागचे मोठे, कारण बसणाऱ्याचा भार मागे अधिक.

दुसरी क्रांती आऱ्यांची. १८७४ मध्ये कॉव्हेंट्रीच्या जेम्स स्टार्ली यांनी स्पर्शरेषेने बसवलेल्या तारांचे चाक आणले. यात तार तुंब्यातून सरळ बाहेर न पडता तिरकी निघते व शेजारच्या तारेला छेदून रिमपर्यंत जाते. पायडल मारताना हब जो पीळ देतो, तो ही तिरकी तार पेलते.

इथे बैलगाडीचे गणित उलटे झाले. लाकडी आरा दाबला जातो. सायकलची तार ताणलेली असते. बारीक तारेवर कोणी उभे राहू शकत नाही, पण तिला भरपूर ओढता येते. सर्व तारा आधीच घट्ट ताणून ठेवल्या की भार आल्यावर खालच्या तारांचा ताण थोडा कमी होतो, एवढेच. म्हणूनच चार पैशांची चावी घेऊन निपल पिळणारा कारागीर जेव्हा चाकाचा आऊट काढतो, तेव्हा तो त्या चाकाची ताकदच नव्याने वाटून देत असतो. एका तारेकडे ताण कमी आला, तर शेजारणीला जास्त सोसावे लागते आणि मग तारा एकामागून एक तुटतात.

ब्रिटिश पद्धतीच्या सायकलीत, आणि म्हणून भारतातील काळ्या सायकलीत, पुढच्या चाकाला ३२ व मागच्याला ४० तारा असत. एकूण ७२. हा आकडा ध्यानात असावा. तो पुन्हा येणार आहे.

आता धाव. हवा भरलेल्या टायरचे पेटंट सर्वप्रथम रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश अभियंत्याने १८४५ मध्ये घेतले. ते घोडागाड्यांसाठी होते. कल्पना उत्तम, पण रबर महाग आणि सायकल जन्माला यायची होती. शोध विस्मृतीत गेला. ४३ वर्षांनी, १८८८ मध्ये, बेलफास्टमधील पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप यांनी मुलाच्या तीनचाकीसाठी रबरी नळी फुगवून चाकाला गुंडाळली आणि पेटंट घेतले. पुढे थॉमसनचे पेटंट उजेडात आल्यावर डनलॉप यांचे पेटंट रद्द ठरले. नाव मात्र त्यांचेच राहिले. इतिहासात असे पुष्कळदा होते. जो शोधतो त्याच्यापेक्षा ज्याच्या काळी गरज निर्माण होते, त्याचे नाव टिकते.

१८८९ मध्ये विल्यम ह्यूम याने बेलफास्टच्या शर्यती या टायरवर जिंकल्या आणि हसणारे गप्प झाले. १८९० च्या दशकात काढता-घालता येणारे टायर, कडेला तार असलेले टायर आणि वुड्सचा व्हॉल्व्ह ही भर पडली. महाराष्ट्रात ज्याला व्हॉल्व्हट्यूब म्हणतात, ती बोटभर रबरी नळी या वुड्सच्या व्हॉल्व्हचाच भाग. ती कुजली की हवा गेली. कित्येक पिढ्यांनी शाळेत उशिरा पोहोचण्याचे कारण म्हणून ती सांगितली आहे.

पण धावेच्या या कथेला एक काळी बाजू आहे आणि ती टाळून पुढे जाणे अप्रामाणिक ठरेल. सायकलींची लाट आली, तेव्हा रबर मळ्यांत पिकत नव्हते. ते जंगलांतून येत होते. बेल्जियमचा राजा लिओपोल्ड दुसरा याची खासगी मालमत्ता असलेल्या काँगोत रानवेलींचे रबर गोळा करण्यासाठी गावांवर सक्ती झाली. ठरलेला वाटा न आणणाऱ्यांना ओलीस ठेवणे, फटके मारणे, ठार करणे आणि हात तोडणे हे त्या राजवटीचे मार्ग होते. १९०४ मध्ये रॉजर केसमेंट यांचा अहवाल प्रसिद्ध झाला, ई. डी. मॉरेल यांनी चळवळ उभारली आणि १९०८ मध्ये काँगो राजाच्या हातून काढून बेल्जियम राज्याकडे गेला. लंडन-पॅरिसमध्ये सायकलस्वाराला जमीन मऊ वाटत होती, त्या वर्षांतली ही किंमत आहे.

पुढे रबर मळ्यांतून येऊ लागले. १८७६ मध्ये हेन्री विकहॅम याने ब्राझीलमधून नेलेल्या बियांपासून लंडनच्या क्यू उद्यानात रोपे झाली. ती सिलोन व मलायात पोहोचली. मलायातील मळ्यांत राबले ते मुख्यतः भारतातून नेलेले तमिळ मजूर. विसाव्या शतकाच्या आरंभी केरळातही लागवड सुरू झाली. १९३६ मध्ये बंगालमधील सहागंज येथे डनलॉपचा कारखाना निघाला. १९४२ मध्ये जपानने मलाया घेतल्यावर रबर ही युद्धसामग्री झाली आणि भारतातही टायरवर नियंत्रणे आली.

मराठी मुलखात या नव्या चाकाचा प्रवेश कसा झाला? त्याचे सर्वांत सुंदर उत्तर नाशिकपासून दूर, बेळगावात आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर तेव्हा मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवीत. मुंबईत सायकली विकत घ्यायच्या आणि बेळगावला थोरले बंधू रामूअण्णा यांच्याकडे पाठवायच्या, असा व्यवसाय दोघांनी सुरू केला. किर्लोस्कर समूह आपला आरंभ १८८८ पासून मोजतो, तो या सायकलीच्या दुकानापासून.

एका सायकलची किंमत सातशे ते हजार रुपये असे. आणि शिकवणीचे पंधरा रुपये वेगळे. रामूअण्णा स्वतः गिऱ्हाइकाला सायकल चालवायला शिकवीत. म्हणजे सायकल हे तेव्हा अधिकाऱ्यांचे आणि धनिकांचे वाहन होते. १८८८ हेच डनलॉपच्या पेटंटचे वर्ष. त्यावेळच्या बाजारातील सायकलींना भरीव रबराची धाव असे, आणि भारतातील खडीच्या रस्त्यावर तिच्यावर बसणे म्हणजे हाडांची परीक्षाच.

या दुकानाचे महत्त्व विक्रीत कमी आणि दुरुस्तीत जास्त आहे. हब उघडणे, कोन आवळणे, मोडलेल्या भागाच्या जागी नवा घडवणे यातून जो हात तयार झाला, तो पुढे कडबा कापण्याच्या यंत्राकडे, लोखंडी नांगराकडे आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडीकडे वळला. मराठी उद्योगाच्या इतिहासात सायकलच्या हबला जागा द्यायला हवी, ती अजून पुरती दिली गेलेली नाही.

सायकल सर्वसामान्यांच्या हाती यायला मात्र दोन पिढ्या लागल्या. मुंबईत वरळीला हिंद सायकल्स, आसनसोलला सेन-रॅले, १९४९ मध्ये मद्रासजवळ टी. आय. सायकल्स, १९५१ मध्ये सोनीपतला ॲटलस, १९५६ मध्ये लुधियानात हिरो. दुधवाले, पोस्टमन, गिरणी कामगार, शिक्षक, कारकून सारे त्या काळ्या सायकलीवर आले. महाराष्ट्रातील अनेक नगरपालिका सायकलवर कर घेत आणि पितळी वा पत्र्याचा बिल्ला देत. रात्री दिवा नसेल किंवा डबलसीट दिसले, तर पोलीस अडवीत.

त्या काळात कोणाला हब आणि टायर निवडावे लागत नसत. २८ इंची चाक आणि दीड इंची टायर हे ठरलेले. चैन करायचीच तर हबभोवती फिरणारा रंगीबेरंगी गोंडा अडकवायचा. चाक फिरताना तो हब पुसत राही. तासावर भाड्याने सायकल देणारा दुकानदार एका गोष्टीची खात्री देऊ शके: सुटा भाग गावात मिळेल. निवड नसण्याचा हा फायदा होता आणि तो लहान नव्हता.

नाशिकने याच काळात टायरशी थेट नाते जोडले. सातपूर आणि अंबड येथील औद्योगिक वसाहतींनी तीर्थक्षेत्राला कारखान्यांचे शहर केले. सातपूरला सिएटचा टायर कारखाना आहे. १९२४ मध्ये इटलीच्या तुरीन शहरात निघालेली ही कंपनी १९५८ पासून भारतात टायर बनवीत आली. उसाच्या पट्ट्यात बैलगाडीलाही लोखंडी धाव जाऊन रबरी टायर आले आणि टायरगाडी हा नवा मराठी शब्द झाला. बैलांचे श्रम कमी झाले आणि डांबरी रस्ते लोखंडी धावेच्या ओरखड्यांतून सुटले.

आता समुद्रापार जाणे भाग आहे, कारण बीएमएक्स नाशिकचे किंवा भारताचे अपत्य नाही. १९६३ मध्ये श्विन या अमेरिकी कंपनीने स्टिंग-रे ही वीस इंची चाकांची सायकल आणली. ती मोटारसायकलसारखी दिसे. १९६० च्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियातील मुले ती घेऊन मातीच्या मैदानांत मोटोक्रॉसची नक्कल करू लागली. १९७० मध्ये लाँग बीच येथे स्कॉट ब्राइटहाउप्ट या शाळकरी मुलाने शर्यती भरवल्या. १९७१ च्या ‘ऑन एनी संडे’ या माहितीपटाच्या आरंभी अशी मुले दिसली आणि खेळ देशभर पसरला. बायसिकल मोटोक्रॉस, म्हणून बीएमएक्स.

या मुलांनी कारखान्यांना एक अप्रिय गोष्ट दाखवली. मुलांसाठी बनवलेले चाक उडी मारण्यासाठी बनवलेले नव्हते. तारा तुटत, रिम वाकत, आस वाकडा होई. १९७४ च्या सुमारास स्किप हेस यांनी मोटोमॅग हे ओतीव धातूचे चाक आणले, त्यात तारा नव्हत्याच. पाठोपाठ नायलॉनची चाके आली. ती मजबूत होती, पण जड. शेवटी तारांचे चाकच परतले, अधिक सुधारून. पुढे १९८० च्या दशकात फ्रीस्टाइल आले, ‘ई.टी.’ या १९८२ च्या चित्रपटाने ही सायकल जगभरच्या मुलांना दाखवली. २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये बीएमएक्स रेसिंग आणि २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये फ्रीस्टाइल पार्क हे प्रकार दाखल झाले.

स्ट्रीट हा यातला सर्वांत शहरी प्रकार. मैदान नको, उतार बांधायला नको. पायऱ्या, कठडे, लोखंडी आधारदांडे हेच साहित्य. आणि म्हणूनच स्ट्रीट सायकलचे हब व टायर शहराच्या दगडाशी थेट बोलतात.

सुरुवात त्या ७२ पासून. आजच्या बीएमएक्सला पुढे ३६ आणि मागे ३६ तारा हा प्रघात आहे. बेरीज तीच ७२. काळ्या सायकलीत भार मागे म्हणून मागे तारा जास्त. स्ट्रीटमध्ये कधी पुढच्या चाकावर उतरायचे, कधी मागच्या. म्हणून दोन्हीकडे समान वाटणी. एके काळी काहींनी एका चाकाला ४८ तारा लावून पाहिल्या. वजन वाढले, लाभ तेवढा झाला नाही.

आस हा दुसरा मुद्दा. साध्या सायकलचा मागचा आस सुमारे दहा मिलिमीटर जाडीचा. पाच-सात पायऱ्यांवरून उडी मारून उतरले की तो वाकतो. म्हणून स्ट्रीट सायकलला मागे १४ मिलिमीटरचा आस आला. या आसाच्या टोकांना पेग नावाच्या नळ्या बसवतात आणि कठड्यावर सायकल त्या नळ्यांवर घसरवतात. पेग लावणाऱ्याने हबला संरक्षक गार्डही लावावे, नाहीतर कठड्याची कड तारांवरच चालते.

तिसरा मुद्दा दात्यांचा. पूर्वी पुढे ४४ दाते आणि मागे १६ असे गुणोत्तर असे, म्हणजे २.७५. आता पुढे २५ आणि मागे ९ असते, म्हणजे सुमारे २.७८. पायाला फरक जाणवत नाही. मग बदल कशासाठी? मोठे दातेरी चक्र आणि साखळी कठड्यावर आपटत, लहान चक्र वर राहते. मागे नऊ दाते बसवायचे, तर फिरकीने आवळायचे जुने फ्रीव्हील चालत नाही, ते सोळा दात्यांच्या खाली सहसा जात नाही. म्हणून दातेरी भाग हबच्या पोटातच बसवला. याला कॅसेट हब म्हणतात. ज्यांना आपले कारागीर कुत्रे म्हणतात, त्या खटक्या फ्रीव्हीलमधून निघून हबच्या आत गेल्या.

इथे हबच्या इतिहासाने एक गमतीदार वळसा घेतला आहे. सर्वांत जुन्या सायकलीत चाक फिरले की पायडल फिरे. उतारावर पाय वर घ्यावे लागत. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी फ्रीव्हीलने पुढे जाताना पाय मोकळे केले. १८९८ मध्ये न्यू डिपार्चर कंपनीचा आणि १९०३ मध्ये जर्मनीच्या झाक्सचा टॉरपीडो हब आला. यात पायडल उलटे मारले की हबच्या आतच ब्रेक लागे.

स्ट्रीट आणि फ्लॅटलँड खेळणाऱ्यांना नवीच अडचण आली. त्यांना उलट्या दिशेने घरंगळायचे होते. कॅसेट हबवर सायकल मागे जाऊ लागली की पायडल मागे फिरतात आणि पायांना त्यांच्याबरोबर फिरावे लागते. तेव्हा काही जणांनी उलट पायडलच्या ब्रेकचा हब उघडला, ब्रेकचे भाग काढून टाकले आणि उरलेल्या क्लचवर काम भागवले. त्यातून फ्रीकोस्टर जन्मला. मागे जाताना पाय स्थिर, चाक मोकळे. शंभर वर्षांपूर्वीच्या ब्रेकमधून ब्रेकच वजा करून हा शोध लागला.

फ्रीकोस्टरचे दोष मात्र विक्रेते हळू आवाजात सांगतात. पुन्हा पायडल मारताना क्लच पकडेपर्यंत थोडी पोकळ फेरी जाते. वजन जास्त, भाग जास्त, किंमत जास्त. आत धूळ किंवा चुकीचे वंगण गेले तर क्लच घसरतो. ज्याच्या गावात तो उघडून जोडणारा कारागीर नाही, त्याने शिकण्याच्या काळात कॅसेट हब घेणे शहाणपणाचे. नाशिकमधील बहुतेक सायकल दुकानांचा हात काळ्या सायकलीवर आणि गिअरच्या सायकलीवर बसलेला आहे, हे ध्यानात घेऊनच निर्णय व्हावा. बंद बेअरिंगचा कॅसेट हब बिघडला तरी बेअरिंग मोजमाप सांगून बाजारात मिळते.

आता धावेची निवड. बीएमएक्सच्या वीस इंची रिमचे खरे माप ४०६ मिलिमीटर, जिथे टायरची कड बसते तिथला व्यास. वीस इंच लिहिलेले दुसरे मापही असते, ४५१ मिलिमीटरचे, शर्यतीच्या अरुंद टायरचे. ते यावर बसत नाही. टायर घेताना इंचाच्या आकड्यावर विसंबू नये, मिलिमीटर वाचावे.

स्ट्रीटसाठी २.३ ते २.४ इंच रुंदीचे टायर रूढ आहेत. नक्षी उथळ व दाट, जवळजवळ गुळगुळीत. मातीतल्या शर्यतीसाठीचे गाठीदार टायर फरशीवर अधांतरी चालतात, कारण गाठींची टोकेच तेवढी टेकतात. दगडावर पकड रबराच्या स्पर्शातून येते, नक्षीतून नव्हे. मात्र शेवाळलेल्या बेसाल्टवर कोणतेही रबर हरते. आषाढ-श्रावणात घाटाकडच्या उतारावर सायकल हातात धरून उतरणे हाच उपाय.

हवेचा दाब टायरच्या बाजूवर छापलेला असतो. स्ट्रीटमध्ये तो साधारण ६० ते १०० पीएसआय या टप्प्यात राखतात. कमी हवेत पायरीच्या कडेवर उतरले की रिम आणि दगड यांच्यामध्ये ट्यूब चिमटते व शेजारी शेजारी दोन छिद्रे पडतात. एकच छिद्र असेल तर काटा. ज्या बाभळीने नाशिकला तुंबा दिला, तिचाच काटा गेली शंभर वर्षे पंक्चरवाल्यांचे घर चालवीत आला आहे. सराटे त्याच्या मदतीला आहेतच. त्यामुळे अगदी हलका, पातळ टायर दख्खनमध्ये खर्चिक ठरतो.

नाशिकची आजची सायकल-ख्याती मात्र याच्या अगदी दुसऱ्या टोकाची आहे. २०१५ मध्ये डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी रेस ॲक्रॉस अमेरिका ही सुमारे ४८०० किलोमीटरची शर्यत नऊ दिवसांच्या आत पुरी केली. ती पुरी करणारा तो पहिला भारतीय संघ. २०१७ मध्ये लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ यांनी ती एकट्याने पूर्ण केली. त्या सायकलींचे टायर बोटभर रुंद, तारा मोजक्या, हब हलके. तिथे शत्रू अंतर आहे. स्ट्रीटमध्ये शत्रू उंची आहे, तीही पाच-सहा फुटांचीच, पण शंभर वेळा.

एक गोष्ट उरते. पेग लोखंडी असेल तर कठड्याची कड झिजते. कॅलिफोर्नियात तो कठडा सिमेंटचा आणि वीस-तीस वर्षांचा असतो. गोदाघाटावर तो पेशवेकालीन असू शकतो. तिथले नारोशंकराचे मंदिर १७४७ चे आहे आणि आसपासच्या पायऱ्यांवर रोज स्नान, श्राद्ध आणि पूजा चालते. ज्याला इतिहासाची आवड आहे, त्याने घाट वगळावा. शहराच्या नव्या भागांत सिमेंटचे कठडे भरपूर आहेत, मालकाला विचारून वापरावेत. प्लास्टिकचे पेगही मिळतात. ते दगड कमी कोरतात, कमी आवाज करतात आणि बरेचसे सरळ घसरतात.

हिशेब करायचा तर असा. कॅसेट हब, १४ मिलिमीटरचा मागचा आस, पेग असलेल्या बाजूला गार्ड, ३६ तारा तिरक्या विणीच्या, ४०६ मापाचे २.४ इंची टायर, त्यातही मागचा जरा जाड, कारण घसरून थांबताना झिजतो तो मागचाच. नवे चाक आणल्यावर पहिल्या आठ-पंधरा दिवसांनी तारांचा ताण पुन्हा तपासून घ्यावा. नव्या तारा आपापल्या जागी बसताना सैल पडतात. दुकानात जाऊन एवढेच म्हणावे, काका, आऊट काढून द्या. पुढचे काम चावीला ठाऊक असते.